फेरमोजणीचं कारण

आमच्या गावात मेलेली माणसं मतदानाला येतात आणि निकाल लागेपर्यंत घरी राहतात.

यादीत नाव पाहिजे, एवढीच अट. नाव असलं की मतदानाच्या सकाळी माणूस आपल्या दारात उभा राहतो, चहा पितो, ओळखपत्र शोधायला लावतो आणि रांगेत जाऊन लागतो. जिंकलेल्या उमेदवाराच्या हातात निवडणुकीच्या साहेबानं प्रमाणपत्र दिलं की मेलेला माणूस परत जातो. मधले दिवस आपले.

म्हणून आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं कोणाला कौतुक नाही. आज मतदान, उद्या निकाल. तेवढ्यात माणसाची आंघोळ होते आणि दोन वेळचं जेवण. विधानसभेचेही थोडेच दिवस. लोकसभा मात्र टप्प्याटप्प्यानं होते. पहिल्या टप्प्यात आपला जिल्हा आला, तर सगळा देश मतदान करून होईपर्यंत आपलं माणूस आपल्याकडे राहतं. या खेपेला पहिला टप्पा मिळाला तेव्हा बायकांनी देवळात साखर वाटली. शेवटच्या टप्प्यातल्या लोकांचं वाईट वाटतं, पण तारखा काही आम्ही ठरवत नाही.

नावं कमी करायला दरवर्षी अंगणवाडीसेविका प्रणाली येते. दारातच उभी राहते.

"काकी, काकाजी मयत आहेत ना? नाव कमी करू?"

"तुझ्या घरचं कर."

"मले वरून विचारतेत, काकी."

"वरच्याले सांग, इमला कटरे नाही म्हणते."

तिच्या घरी तिच्या आजोबाचं नाव अजून यादीत आहे, त्यामुळे ती जास्त ताणत नाही. गावात दोन घरांनी मात्र सासूचं नाव पहिल्याच वर्षी कमी केलं. त्यांना कोणी काही बोललं नाही. ज्याचं त्याला ठाऊक.

माझ्या लेकीचे, दुर्पताचे बाबा, झनकलाल टेलर, वारले त्याला चार वर्षं झाली. एप्रिलात मतदानाच्या सकाळी आले ते गळ्यात टेप घालूनच. पहिलं वाक्य काय, तर "मशीनीले तेल दिलं होतं का?"

मी दिलं नव्हतं. त्यावरून आमचं भांडण झालं. मेलेल्या माणसाशी भांडू नये असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

रांगेत ते माझ्या शेजारी पुरुषांच्या ओळीत होते. बोटाला शाई लावून बाहेर आले, तेव्हा मी विचारलं, "कोणाले देलं?"

"सांगायचं नसते."

"मी सांगू का? शिलाई मशीनच्या चिन्हवाल्याले. दर वेळेस तुम्ही मशीनवाल्यालेच देता. तो कोण, कुठचा, तुम्हाले माहीत नसते. त्याची अनामत जप्त होते आणि तुमचं मत वाया जाते."

"मशीन पाहून हात पुढे जाते, इमले. मी काय करू?"

या वेळी वाया घालवायची वेळ नव्हती. आमच्याच गावचा खेमराज बिसेन उभा होता. समोर शहरातले डोंगरवार. सहा आठवडे गावात दुसरा विषय नव्हता. पिठाच्या गिरणीवर जिवंत आणि मेलेली माणसं एकाच बाकावर बसून बोलायची. खेमराज रस्ता करेल की नाही, डोंगरवारनं मागच्या खेपेला काय केलं, दिल्लीत कोणाचं येईल. काही जण मेलेल्यांना खोदून विचारायचे, "तुम्हाले तर दिसत असंल ना, कोण येणार?" मेलेल्यांना काही दिसत नाही. त्यांना मागची दोन-चार वर्षं काय झालं तेही आम्हीच सांगतो. गॅसचा भाव ऐकून दुर्पताच्या बाबांनी चहा अर्धा कप करून टाकला.

दुर्पता बाळंतपणाला घरीच आली होती. पहिलटकरीण. बापाच्या मरणाच्या वेळी तिचं लग्नही झालेलं नव्हतं, आणि आता बाप समोर बसून तिच्या बाळासाठी झबलं शिवत होता. पिवळ्या मलमलीचं. बटण नाही, नाडी. "बटण टोचते," म्हणाले. रोज थोडं शिवायचे आणि उसवायचे. मी म्हटलं, एवढा वेळ तर लग्नाच्या कोटाला नाही लावला कधी. तर म्हणाले, कोटवाला माप द्यायले येते. हिचं माप कोण देणार?

मुलगीच होणार असं त्यांनी आपलं धरून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईनं सांगितलेली तारीख उलटली. निकालाचा दिवस जवळ आला. आणि कळा सुरू झाल्या त्या निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी. जावई आणि विहीणबाई तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी मागे राहिले. दुर्पताचे बाबा एकटे कसे राहणार, म्हणून.

मेलेल्या मतदाराला आपल्या केंद्राची हद्द ओलांडता येत नाही. आमची हद्द नाल्याच्या पुलापर्यंत. पलीकडे दुसरं मतदान केंद्र लागतं. ते पुलाच्या अलीकडच्या टोकाला दगडावर जाऊन बसले. संध्याकाळी जावयाचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, पण दवाखान्यातून परवा सकाळच्या आत सोडणार नाहीत.

परवा म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवशी.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी टेप गळ्यातून काढला, गुंडाळला आणि खिशात ठेवला. "बरं झालं. दोघी बऱ्या आहेत ना," एवढंच म्हणाले. मला त्या माणसाचा फार राग आला. आयुष्यभर असंच. गिऱ्हाइकानं कपडे नेऊन पैसे नाही दिले तरी "बरं झालं, अंगाले बसला ना."

निकालाच्या दिवशी गिरणीवर टीव्ही लावला होता. कोणाच्या किती जागा ते आकडे खालून सरकत होते. बायकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ज्या त्या आपल्या माणसाला काय काय खाऊ घालायचं राहिलं त्याच्या घाईत होत्या. आमच्या जागेवर खेमराज दुपारपर्यंत पुढे होता, मग मागे पडला, आणि शेवटी सहाशे-सातशे मतांनी हरला. एवढ्या मोठ्या मतदारसंघात तेवढी म्हणजे चिमूटभर. प्रमाणपत्र संध्याकाळी देणार असं टीव्हीवर सांगितलं.

गिरणीवाला म्हणाला, "एवढ्या फरकाले तर माणूस फेरमोजणी मागते. खेमराजनं मागितली नाही. फोन बंद करून घरी येऊन बसला म्हणतेत."

मी पदर खोचला आणि खेमराजच्या घरी गेले.

ओसरीवर त्याची आई सोनाकाकी लसूण सोलत बसली होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मतदानाला आली तेव्हापासून अशीच बसलेली मी येता-जाता पाहत होते. खेमराज आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेला.

"खेमराज, ऊठ. फेरमोजणी माग."

"वहिनी, जाऊ द्या. लोक हसतीन."

"हसू दे. हसून कोणाचं मत कमी होते?"

"आकडा काही बदलणार नाही. मले माहीत आहे."

"आकडा बदलायले कोण सांगते तुले? वेळ पाहिजे." मी त्याला दुर्पताचं सांगितलं. पुलाचं, झबल्याचं सांगितलं. तो उठून बसला, पण मान हलवत म्हणाला, "अर्जात कारण लिहावं लागते. तुमच्या घरचं बाळ हे माझ्या अर्जाचं कारण कसं होईन?"

हे खरं होतं. नियम म्हणजे नियम. मी उंबऱ्यावर बसले. बाहेर सोनाकाकीच्या सुरीचा आवाज येत होता.

"बरं मग तुझं कारण लिही," मी म्हटलं. "तुझी माय एप्रिलापासून आली आहे. तू तिच्या हातचं एकदा तरी जेवला का?"

त्यानं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं.

"सांग ना. आपलं मतदान झाल्यावरही दुसऱ्यांच्या प्रचाराले गावोगाव लोकांच्या घरी जेवत फिरला. फोटो काढले. रोज ती दोन भाकरी जास्तीच्या टाकते आणि रात्री गाईले देते. मी शेजारून पाहते ते खोटं आहे का?"

"इमला, नोको वो," बाहेरून सोनाकाकी म्हणाली. "त्याले तरास नोको देऊ. इलेक्शन होतं त्याचं."

"तुम्ही गप राहा, काकी. तुम्ही मत कोणाले देलं?"

"त्यालेच. दुसऱ्या कोणाले देऊ?"

खेमराजनं तोंडावरून हात फिरवला. मग उशाखालचा फोन काढून सुरू केला आणि मोजणीच्या ठिकाणी बसलेल्या आपल्या माणसाला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"प्रमाणपत्र देलं का?"

"आता देणार, भाऊ. हार आणले आहेत त्यांनी."

"फेरमोजणीचा अर्ज दे."

"आता? कारण काय लिहू?"

खेमराजनं ओसरीकडे पाहिलं. "लिही, जेवण व्हायचं आहे."

"कोणाचं?"

"माझं. उमेदवाराचं."

नंतर कळलं ते असं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि खाली लिहिलं, 'कारण सबळ आहे. उद्या सकाळी पुन्हा मोजणी घ्यावी.' डोंगरवारच्या माणसांनी आरडाओरडा केला, पण डोंगरवारांनीच त्यांना गप्प बसवलं. त्यांचे वारलेले थोरले भाऊ मतदानाला आलेले होते आणि त्यांना भेटायचं डोंगरवारांचंही अजून राहिलं होतं. हार पाणी मारून ठेवून दिले.

त्या संध्याकाळी खेमराज तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी जेवला. मी घरी निघाले तेव्हा सोनाकाकी त्याला तिसरी वाढत होती आणि तो "पुरे, माय" म्हणत ताट पुढे करत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत जावयानं ऑटो पुलावर आणला. पोरगी एवढीशी, लाल, मुठी आवळलेली. दुर्पतानं तिला आपल्या बापाच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी शाईचं बोट धोतराला पुसून पाहिलं. शाई कुठे निघते? मग खिशातून टेप काढून तिथेच पुलाच्या दगडावर तिचं माप घेतलं. छाती, खांदा, हात. हात मोजताना तिनं टेप पकडला आणि सोडेना.

"बाह्या लांब झाल्या, इमले," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा काही झाला होता, जसं जगात दुसरी चांगली बातमीच नाही. "दोन्ही काढून पुन्हा लावाव्या लागतीन."

घरी येऊन ते मशीनवर बसले. पोरगी बाजेवर, मी तिच्याशेजारी. एक बाही त्यांनी लावली, हातशिलाईनं टोक दुमडलं, दातानं दोरा तोडला. मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

"पूर्ण कप ठेव," ते म्हणाले.

मी शेगडीकडे वळले. गिरणीवरून टीव्हीचा आवाज आणि लांबून फटाके ऐकू आले. चहा घेऊन आले तेव्हा दुसरी बाही मशीनच्या पायाखाली होती, सुई कापडात उतरलेली. मी चहा पोरीच्या जवळ बसून प्यायले. पूर्ण कप.

फेरमोजणीत खेमराजची दोन मतं आणखी कमी झाली. दिल्लीत कोणाचं सरकार आलं ते मला दोन दिवसांनी कळलं.

पावसाळ्यानंतर प्रणाली आली. दारात उभी राहिली.

"काकी, नाव..."

"ठेव."

"सोनाकाकीचंही खेमराजभाऊ ठेव म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं विचारलं."

मशीन तशीच आहे. सुई मी वर घेतली नाही. बाकी सगळ्या भागांना दर शनिवारी तेल देते. मधल्या विधानसभेत फार तर ती बाही लागेल. पण पोरगी भराभर वाढते आहे, पुढच्या लोकसभेपर्यंत ते झबलं तिच्या बाहुलीलाच होईल, म्हणून त्याच पिवळ्या मलमलीचं जास्तीचं कापड आणून पेटीत ठेवलं आहे. पहिला टप्पा मिळाला तर अख्खा फ्रॉक होईल. शेवटचा मिळाला तर निदान बाह्या.