बारा तोळ्यांचं दूध

ऐश्वर्या चौगुलेच्या हातून मोजमापात चूक होणं शक्य नव्हतं. हे तिचं स्वतःचं मत होतं, आणि त्याला पुरावाही होता. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगवहीला तीन वर्षांत एकदाही लाल शाई लागली नव्हती. आई चहात अंदाजानं साखर टाकायला लागली की ही मान फिरवायची, इतकं तिला ते बघवत नसे.

२००३ साली कोल्हापुरात एखाद्या मुलीनं ‘मी स्तनपान सल्लागार होणार’ म्हटलं, की लोक आधी इकडंतिकडं बघायचे आणि मग पावसापाण्याचं काढायचे. तिचे बापूसोकाका तर शेजाऱ्यांना सरळ ‘पोरगी डेअरीत लागणार हाय’ असं सांगून मोकळे होत. परीक्षेला बसायला पाचशे तासांचा अनुभव हवा होता, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली, तासातासाला सही घेऊन. राजारामपुरीतल्या एका प्रसूतिगृहात डॉक्टर राजमती मगदूम यांच्या हाताखाली चारशे सत्त्याण्णव तास भरले होते. उरले तीन. कागद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुरिअरनं जायचे होते.

“चार नंबरचं बाळ आज तू एकटीनं बघायचंस,” मगदूम मॅडम म्हणाल्या. “मी पलीकडच्या खाटेपाशी आहे. मधे बोलणार नाही. निकाल पटला तर सही.”

चार नंबरच्या खाटेवर गडमुडशिंगीची सौंदर्या होती. पहिलटकरीण, बाळ तीन दिवसांचं. शेजारी सासू नीलम्मा, आणि तिच्या मांडीवर दूध पावडरचा न फोडलेला डबा.

“अंगावर दूधच न्हाय हिच्या,” नीलम्मा म्हणाली. “सकाळधरनं पोरगं रडतंय. फोडते आता डबा.”

सौंदर्या भिंतीकडं बघत राहिली.

“मावशी, अर्धा तास द्या,” ऐश्वर्या म्हणाली. “अंदाजानं बोलायचं नाही. पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन. फरक म्हणजे दूध. कपडे तेच, दुपटं तेच. टोपडंसुद्धा बदलायचं नाही.”

“एवढं करायला लागतंय व्हय? आमी म्हशीच्या कासेकडं बघून सांगतोय.”

दुपट्यात गुंडाळलेलं बाळ भरलं दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर ग्रॅम. ऐश्वर्यानं बाळ नीट धरायला शिकवलं, मान सरळ केली, आणि पोरगं चुटूचुटू ओढायला लागलं. ती मग व्हरांड्यातल्या काट्याचं शून्य तपासायला गेली. दोनदा तपासलं, कारण एकदा तपासणं म्हणजे अंदाजच.

परत आली तेव्हा खाटेपाशी एक झुपकेदार मिशांचे पावणे बसले होते. सौंदर्याचा भाऊ प्रभुलिंग, जयसिंगपूरहून एस.टी.नं आलेला. बाळ दुपट्यात गाढ झोपलं होतं. ऐश्वर्यानं ते तसंच अलगद उचलून काट्यावर ठेवलं.

तीन हजार चौदा.

“एकशे चाळीस ग्रॅम!” ती ओरडली. चारशे सत्त्याण्णव तासांत ती पहिल्यांदाच ओरडली होती.

डबा खाटेखाली गेला. “आमच्या घरात सुनाच तसल्या येत्यात,” नीलम्मा म्हणाली.

“जयसिंगपूरचं पाणी हाय त्ये,” प्रभुलिंगनं दुरुस्ती केली.

पाच मिनिटांत वॉर्डातल्या झाडून सगळ्या सासवा चार नंबरपाशी जमल्या. सौंदर्याला काय खायला घातलं, अळीव किती, डिंक किती, याची चौकशी सुरू झाली. गर्दीतून वाट काढत मॅडम आल्या आणि त्यांनी वहीतला आकडा वाचला.

“तिसऱ्या दिवशी, एका बैठकीत एकशे चाळीस? ऐश्वर्या, हे बाळ आहे की रेडकू?”

त्यांनी दुपटं उघडलं. पायात चांदीचे वाळे, हातात मनगट्या, कमरेला करदोडा. पोरगं चांदीत मढवलेलं.

“हे कधी घातलं?”

“मगाशी, त्ये पीत हुतं तवाच,” प्रभुलिंग म्हणाला. “भाच्याला रिकाम्या हातानं कसं बघायचं?”

“कापडं बदलू नगा म्हणली ही,” नीलम्मानं ऐश्वर्याकडं बोट केलं. “दागिन्याचं काय बोलली न्हाय.”

“किती वजनाचे आहेत?” ऐश्वर्यानं बारीक आवाजात विचारलं.

“बारा तोळं,” प्रभुलिंग म्हणाला, दहा नंबरच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल असं.

ऐश्वर्यानं मनातल्या मनात गुणाकार केला. तोळा अकरा पूर्णांक सहासष्ट ग्रॅमचा. गुणिले बारा, म्हणजे एकशे चाळीसच. म्हणजे बाळानं एक थेंबही प्यायला नव्हता. तिनं ते सांगितलं, कारण आकडा लपवणं तिला जमत नसे. सौंदर्याचे डोळे भरले. नीलम्माचा हात खाटेखाली गेला.

“बारा तोळे तू मोजलेस?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“मग तो अंदाज झाला.”

तिला आयुष्यात कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं. दागिने उतरवून तिनं काट्यावर ठेवले. एकशे सोळा. पुन्हा शून्य करून पुन्हा ठेवले. एकशे सोळा.

“म्हणजे दूध चोवीस ग्रॅम,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवसाला भरपूर. सौंदर्या, तुला दूध आहे गं.”

सौंदर्या रडता रडता हसली. पण तिच्याकडं बघायला तिथं कुणालाच सवड नव्हती.

“एकशे सोळा म्हंजे किती तोळं, पोरी?” नीलम्मानं विचारलं.

“नऊ पूर्णांक पंच्याण्णव.”

“पावणं, धा बी न्हाईत की हो.”

प्रभुलिंगला एकाएकी जयसिंगपूरची गाडी आठवली.

मॅडमनी दोन तासांवर सही केली. “तिसरा कापला. दुपटं उघडून बघितलं नाहीस म्हणून. उद्या सकाळी ये.”

सकाळी आठाला ऐश्वर्या पोचली, तर काट्यापुढं सात बायकांची रांग. तिला भरून आलं. कीर्ती एवढ्या लवकर पसरेल असं वाटलं नव्हतं. तिनं वही उघडली.

“बाळं कुठायत?”

“झोपल्यात ती,” रांगेत पहिली उभी असलेली नीलम्मा म्हणाली आणि तिनं पदराची गाठ सोडली. “धाकटीच्या म्हायेरचं पैंजण हायत. बगून दे बगू, किती भरत्यात.”

नाही म्हणणं तिला जमलं नाही. तासभर तोलून झाल्यावर तिनं दारात उभ्या असलेल्या मॅडमकडं आशेनं पाहिलं.

“मॅडम, हा तास...”

“नाही.”

पाचशेवा तास दुपारी एका उघड्यावाघड्या बाळानं भरून दिला आणि कागद वेळेत गेले. बापूसोकाकांनीही आता शेजाऱ्यांना सांगायचं बदललंय. पोरगी डेअरीत न्हाय, गुजरीत सराफाकडं लागली, म्हणतात.