गमरेकाकांची वीतभर खिडकी

गमरेकाका माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, हातांवरून ओळखतात. मार्केटात समोरून या, नमस्कार करा, नावाने हाक मारा, काका कोऱ्या चेहऱ्याने बघत राहतील. मग त्यांची नजर खाली तुमच्या मनगटाकडे जाईल आणि ते खुलतील. "अरे, तू होय." मी चष्म्याची फ्रेम बदलली ती त्यांना वर्षभर कळली नव्हती, पण करंगळीचं वाढवलेलं नख कापलं ते त्याच संध्याकाळी कळलं. "बरं केलंस," म्हणाले, "शोभत नव्हतं."

यात जादू काही नाही. काका एकतीस वर्षं लालबागच्या एका थेटरात तिकिटांच्या खिडकीमागे बसले. जुन्या थेटरांच्या खिडक्या ज्यांनी बघितल्या असतील त्यांना आठवेल, भिंतीत जेमतेम वीतभर भोक असायचं. आतल्या माणसाला बाहेरच्याचा फक्त हात दिसायचा. लाखभर हात बघितल्यावर माणसाला चेहऱ्यांची सवय राहत नाही. थेटर बंद पडलं, काकांनी चाळीतली खोली विकली आणि काकूंना घेऊन भाईंदर पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आले.

त्या वर्षी फुटबॉलचा वर्ल्ड कप नुकताच होऊन गेला होता आणि गावाला फुटबॉलचं वेड लागलं होतं. आमचा खाडीकिनारा फुटबॉल क्लब तोवर कुणाला माहीतही नव्हता. आता जो तो सभासद व्हायला निघाला. मी क्लबचा सहचिटणीस होतो. हे पद मला मिळालं कारण निवडीच्या मीटिंगला मी गैरहजर होतो.

क्लबचे अध्यक्ष जिग्नेशभाई. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आणि सभासदत्वाचे फॉर्म त्या दुकानातल्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये. जिग्नेशभाई माणूस दिलदार, पण ड्रॉवर उघडायचा तो ओळखीच्या माणसालाच. तिकिटांचंही तेच. मॅचच्या आदल्या दिवशी निम्मी तिकिटं अशीच वाटली जायची आणि ज्यांना खरंच मॅच बघायची होती ते पत्र्याच्या कुंपणाला डोळे लावून उभे राहायचे. वर्गणी भरलेले सभासद माझ्या नावाने शिमगा करायचे. शेवटी कंटाळून मी काकांना क्लबच्या मीटिंगला घेऊन गेलो. काकांना फुटबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. गोलकीपरला बॉलला हात लावायची परवानगी आहे हे ऐकून ते अस्वस्थ झाले होते. "एकट्यालाच का?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पण तिकिटांचं नाव निघताच काका उभे राहिले. एक डोकं, एक तिकीट, हा त्यांचा पहिला नियम. निम्मी तिकिटं सभासदांना त्यांच्या नंबरानुसार, निम्मी खिडकीवर, जो आधी येईल त्याला. फॉर्म ड्रॉवरमधून काढून क्लबच्या दाराबाहेर खिळ्याला टांगायचे. खेळाडूंच्या घरच्यांना वेगळा पास नाही. आणि जो खिडकीचा कारभार बघतो त्याला सभासद म्हणूनही राखीव तिकीट नाही, त्याने रांगेत उभं राहायचं.

दुसऱ्याच दिवशी काकांनी सुतार आणून क्लबच्या प्लायवूडच्या दाराला भोक पाडून घेतलं. बरोब्बर वीतभर. मी म्हटलं, जरा मोठं करा, बोलायला बरं पडेल.

"बोलायचं कशाला?" काका म्हणाले. "तोंड दिसलं की ओळख निघते. ओळख निघाली की तिकीट गेलं."

जिग्नेशभाईंना हे सगळं चार दिवसांचं फॅड वाटलं. पुढच्या मॅचला ते सरळ खिडकीशी गेले आणि लाडात म्हणाले, "गमरेभाई, वीस तिकीट बाजूला काढून ठेवा ने. घरचेच लोक आहेत." आतून काकांनी त्यांची अंगठी बघितली, माणूस ओळखला आणि शांतपणे म्हणाले, "डोकी आणा."

जिग्नेशभाईही हट्टाला पेटले. रविवारी सकाळी त्यांनी खरोखर वीस डोकी आणली. बायको, भाऊ, भावजया, दुकानातले हमाल आणि स्टुलावर बसवलेली ऐंशी वर्षांची आई. दोन तास ते सगळे रांगेत उभे राहिले. आईंनी आणलेले थेपले पुढच्यामागच्यांना वाटले गेले, कुणीतरी चहा आणवला, रांगेत एक सोयरीकही जुळता जुळता राहिली. वीसच्या वीस तिकिटं घेऊन जिग्नेशभाई निघाले तेव्हा लॉटरी लागल्यासारखे नाचत होते. तिकीट इतकं गोड असतं हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. ड्रॉवरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लोकांनी काकांना फसवायचे प्रयत्न खूप केले. टोपी घालून दुसऱ्यांदा येणारे, शर्ट बदलून येणारे, आवाज बदलून हिंदीत बोलणारे. काका हात बघायचे आणि म्हणायचे, "दहा मिनिटांपूर्वी येऊन गेलात." एकाने सहा महिन्यांची मुलगी आणली आणि तिच्यासाठी दुसरं तिकीट मागितलं. सगळे हसले. काकांनी खिडकीतून ती इवलीशी मूठ बघितली आणि तिकीट दिलं. मात्र मॅचच्या वेळी ते स्वतः स्टँडमध्ये गेले आणि त्या बापाला मुलीच्या जागेवरून मित्राला उठवायला लावलं. मुलगी पूर्ण मॅच आपल्या जागेवर पाय पसरून झोपली.

काकांची एक गोष्ट मात्र मला वेडेपणाची वाटायची. वीस-पंचवीस तिकिटं उरली की ते मला आत बसवायचे, स्वतः बाहेर जायचे आणि रांगेच्या शेवटी उभे राहायचे. मागून कुणी आलं की "तुम्ही पुढे व्हा". आणखी कुणी आलं, "तुम्ही पुढे व्हा". थोडक्यात, आपण कायम शेवटचे राहू याची ते काळजी घ्यायचे. मी कारण विचारलं तर म्हणायचे, "मला कुठे घाई आहे?" काकांची खिडकी सुरू झाल्यापासून तिकिटं कधी संपलीच नव्हती, त्यामुळे त्यांना दरवेळी मिळायचं आणि मीही विषय सोडून द्यायचो.

ते कारण एकदा काकूंनी अर्धंमुर्धं सांगितलं. मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. काका समोरच बसले होते. काकू म्हणाल्या, "लग्नाला तीन महिने झाले होते, मी यांना न सांगता थेटरात गेले. म्हटलं, नवऱ्याची खिडकी आहे, बघून तरी येऊ. तास-दीड तास रांगेत उभी राहिले. सगळ्यांत शेवटी मी. हात आत घातला. लग्नातल्या निळ्या बांगड्या होत्या, स्टोव्हचा चटका बसलेला हा अंगठा होता. आतून आवाज आला, हाउसफुल्ल."

"ओळखलं नाही?" मी काकांना विचारलं.

"ओळखलं," काकूच म्हणाल्या. "म्हणून तर जोरात म्हणाले. आत मॅनेजरच्या कोट्यातली चार तिकिटं होती. ती कुणाला जायची ते सगळ्या लालबागला माहीत होतं. एक मला दिलं असतं तर थेटर काय कोसळणार होतं?" मग हसून म्हणाल्या, "त्या दिवसापासून थेटरात पाऊल टाकलं नाही. तुमच्या क्लबातही येणार नाही. ज्या दिवशी हे स्वतः तिकिटाविना बाहेर राहतील ना, त्या दिवशी येईन खिडकीवर."

मी खो खो हसलो. काका बशीतलं बिस्किट चहात बुडवत राहिले. ते तुटून आत पडलं तरी त्यांना कळलं नाही. तेव्हा मला ते फक्त गमतीचं वाटलं.

आणि मग आम्ही फायनलला पोचलो. समोर वसईकडची तगडी टीम, मॅच आमच्याच मैदानावर. सगळ्या भाईंदरच्या अंगात आलं होतं. रिक्षांवर झेंडे लागले, पूर्वेच्या केबिन रोडवरच्या दुकानदारांनी रेल्वेपुलापलीकडून माणसं पाठवून रांगेत जागा धरली, माझ्या ऑफिसच्या फोनवर सकाळपासून एकच प्रश्न, तिकीट मिळेल का? बांबूचा स्टँड तीनशे माणसांचा, आणि रविवारी सकाळी खिडकी उघडली तेव्हा रांग मिठागराच्या वळणापर्यंत गेली होती. काका नवा शर्ट घालून आले होते. भोकाला त्यांनी आतून रंगही लावला होता.

दुपारी नेहमीप्रमाणे त्यांनी मला आत बसवलं आणि जाऊन शेवटी उभे राहिले. मी हात बघत तिकिटं देत होतो. हिशोब साधा होता. आज पहिल्यांदा तिकिटं संपणार होती, आणि शेवटी उभा असलेला माणूस बाहेर राहणार होता. ज्याने हा सगळा कारभार सरळ केला तोच फायनल बघणार नाही, हे मला पटेना. सरळ सांगतो, मी एक तिकीट उचललं आणि शिक्क्याच्या पॅडखाली सरकवलं. बाकीची भराभर संपली.

पुढचा हात आला तो मासळीवालीचा होता. बोटांना जागोजागी कापल्याच्या खुणा, बर्फाने पांढरी पडलेली नखं. "भाऊ, येकच दे," ती म्हणाली. "पोर माजा गोलात उभा हाय." आमच्या गोलकीपरची आई. जवळच्या मुर्धा गावाहून आली होती.

"संपली, मावशी," मी म्हणालो.

हात क्षणभर तसाच राहिला. "न्हाय तं न्हाय," ती म्हणाली आणि हात गेला.

त्यानंतर काकांचा हात आला. मी काही न बोलता तिकीट त्या हातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत.

"हे कुठून आलं?" काकांनी विचारलं.

मी शिक्क्याच्या पॅडकडे बघितलं.

"तिला काय सांगितलंस?"

काकांनी तिकीट मुठीत धरलं आणि ते पळाले. मी दार उघडून बाहेर आलो. साठी उलटलेला माणूस, नव्या शर्टात, रिक्षा स्टँडच्या दिशेने "मावशी, ओ मावशी" करत धावत होता. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा चप्पल तिथेच टाकून ते तसेच पुढे गेले. रांगेतून तिकीट घेऊन निघालेले लोक थांबून बघायला लागले. मावशी बसलेली रिक्षा सुरू झाली होती. काकांनी तिच्यासमोर दोन्ही हात पसरले. रिक्षावाला हिंदीत बरंच काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशीने आधी तिकिटाकडे बघितलं, मग काकांकडे, आणि रिक्षातून उडी मारून ती मैदानाकडे धावत सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मान वर करवेना. मी परत आत जाऊन बसलो. दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने भोकातून आणखी एक हात आत आला. बाईचा हात. अंगठ्यावर भाजल्याचा जुना, चकचकीत डाग.

मी तो हात ओळखला. पॅडखाली आता काही नव्हतं, आणि असतं तरी मी दिलं नसतं.

"काकू," मी म्हणालो, "संपली."

"नीट सांग," मागून काकांचा धापा टाकणारा आवाज आला. रांग सोडून गेल्यामुळे ते नियमाप्रमाणे पुन्हा शेवटी, म्हणजे काकूंच्या मागे येऊन उभे राहिले होते. "लोकांना स्पष्ट कळलं पाहिजे."

"हाउसफुल्ल," मी म्हणालो.

हात बाहेर गेला. मग काकूंचा आवाज ऐकू आला. "रिक्षापाशी बघितलं मी सगळं. चला. या खेपेला तुम्हीपण बाहेरच."

मॅच कशी झाली ते सगळ्या भाईंदरला माहीत आहे. पूर्वार्धात आम्ही एका गोलने मागे होतो आणि मावशीच्या पोराने एक पेनल्टी अशी अडवली की बांबूचा स्टँड करकरायला लागला. हाफ टाइमला मी बाहेर आलो. मैदानामागे मिठागराच्या बांधावर काका-काकू बसले होते. मध्ये चहाचा थर्मास. तिथून मैदान दिसत नाही, बॉल उंच उडाला तरच पत्र्यांवर दिसतो. काका नुसत्या आवाजावरून काकूंना मॅच सांगत होते, आणि त्यातलं निम्मं चूक असणार याची मला खात्री होती.

मी खिशातून माझं सभासदाचं तिकीट काढलं. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. "ठेव ते," म्हणाले. "नंबर तुझा आहे."

"काका, चुकलं माझं."

"चुकलंच." त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यासमोर धरला. काकू काकांची तुटलेली चप्पल शोधायला वळणाकडे गेल्या होत्या. त्या लांब गेल्याचं बघून काका हळूच बोलले, "शेवटच्या माणसाला एकट्याने परत जायला लागू नये, म्हणून मी मागे उभा राहतो. थेटरात त्या दिवशी मला खिडकी सोडता आली नाही. भोकातून नुसता हात दिसला, तो बाहेर गेला. ही वळली तेव्हा हिचा चेहरा कसा होता ते मला कधी कळलंच नाही. घरी गेल्यावर विचारायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं झाला नाही."

"आणि आज?"

"आज मागेच उभा होतो. वळली तेव्हा बघितला."

आत शिट्टी वाजली, उत्तरार्ध सुरू झाला, आणि वळणावरून काकू एका हातात चप्पल उंच धरून येताना दिसल्या.

"हसत होती," काका म्हणाले, आणि सरकून त्यांनी बांधावर काकूंना जागा करून दिली.