साहेबांचा पट्टा

जनावरांच्या धर्मादाय दवाखान्यात दारामागे दोन खिळे होते. डाव्या खिळ्यावर विसरलेले पट्टे लटकत, उजव्यावर दगावलेल्या जनावरांचे. उजवीकडचे पट्टे घरपोच करून मालकाचं सांत्वन करणं हे मावशींचं काम. मावशी बिनपगारी होत्या, आणि बिनपगारी माणसाच्या उत्साहाला कोण आवरणार?

त्या दिवशी शिंपी आजोबांच्या कुत्र्याच्या कानात औषध घालताना पट्टा काढला, तो आजोबा विसरूनच गेले. कंपाउंडरच्या एका हातात चवताळलेलं मांजर होतं. दुसऱ्या हाताने त्याने पट्टा अडकवला, तो नेमका उजव्या खिळ्यावर.

कुत्र्याचं नाव साहेब. दिवसभर झोपून वेळेवर खाणं मागतो, म्हणून आजोबांच्या बायकोने ठेवलेलं. ती हिवाळ्यात गेली. आता घरात आजोबा, बंद पडलेलं शिलाई मशीन आणि साहेब एवढेच उरले होते.

पट्ट्याच्या बिल्ल्यावरचा पत्ता शोधत मावशी आल्या आणि दार उघडताच त्यांनी पट्टा आजोबांच्या हातात ठेवला.

"धीर धरा आजोबा. फार मायेचा जीव होता. घर खायला उठत असेल ना?"

साहेब आत मशीनखाली घोरत होते. तेच सांगायला आजोबांनी तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी हुंदका बाहेर पडला आणि ते दारातच ढसाढसा रडू लागले.

शेजारच्या काकू धावत आल्या. "काय झालं हो?"

"साहेब गेले," मावशी म्हणाल्या.

"अगं बाई! सकाळीच तर माझी चप्पल पळवली त्यांनी! मी नको नको ते बोलले हो. जाऊ दे, चप्पल माफ केली मी."

तेवढ्यात काका कुदळ घेऊनच हजर झाले. वेळप्रसंगाला धावणारा माणूस. "खड्डा झाडाखाली घेऊ या. साहेब कुठे आहेत?"

साहेब आतून आले. तोंडात चप्पल होती. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, कुदळ हुंगली आणि काकांच्या पायावर बूड टेकलं.

काकूंनी चप्पल ओढून घेतली आणि माफीही.

"अहो, मग तुम्ही रडत कशासाठी होतात?" मावशींनी विचारलं.

आजोबांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. याला पाणी द्या, त्याला खुर्ची द्या. त्या गडबडीत माझं रडायचंच राहून गेलं. आज तुम्ही धीर धरा म्हणालात, आणि धरवेना."

काका कुदळ मागे लपवत निघून गेले. काकूही गेल्या. मावशी मात्र खुर्ची ओढून बसल्या.

"मग रडा," त्या म्हणाल्या. "मला कसली घाई नाही."

पुढच्या खेपेलाही आजोबा पट्टा विसरले. कंपाउंडरने दोनदा बघून तो डाव्या खिळ्यावर लावला.

मावशींनी तो काढून पिशवीत टाकला, तसा कंपाउंडर ओरडला, "अहो मावशी, साहेब ठणठणीत आहेत! पट्टा न्यायला आजोबा येतील की."

"नाही यायचे," मावशी चपला घालत म्हणाल्या.