चंद्रावरचा खोडा

सुलतानपुरात खोडा घालणाऱ्या माणसांचा तुटवडा पडेल असं कुणी म्हटलं असतं, तर चित्रकलेचे माणिकराव मास्तर त्याच्या तोंडावर हसले असते. शनिवारी संध्याकाळी त्यांनी पुष्पाबाईंना छाती ठोकून सांगितलं, "उद्या पाह्य तू. खामगावचे पंजाबराव खेळ पाह्यतीन आन् सोबतच घेऊन जातीन!"

"पहिले कपबश्या पाहा लागतीन," पुष्पाबाई म्हणाल्या. "आपल्या साऱ्यायचे कान तुटले हायेत."

चंद्रावर माणूस उतरला त्याला वर्ष होत आलं होतं. वर्तमानपत्रातला तो खड्ड्याखड्ड्यांचा फोटो पाहून मास्तरांना वाटलं, अरे, ही तर आपली लोणारं! फक्त हजारांनी. दरसाल शाळेची सहल लोणारला नेणाऱ्या माणसाला खड्डा म्हटला की घरचाच वाटायचा. तिथे धातू असणार, तो खणायला माणसं जाणार, आणि माणसं गेली की एकमेकांचे पाय ओढणार. झालं, खेळ सुचला. पुठ्ठ्यावर चंद्र, तीन यानं, तीन खाणी, प्रत्येकाला मोजका प्राणवायू. आणि खेळाचा जीव म्हणजे 'खोडा' नावाची चाळीस पानं. दुसऱ्याचं यान जाळा, प्राणवायू चोरा, खाणीवर दरड पाडा. खोडा आत्ताच टाकायचा की नेमक्या वेळेसाठी राखायचा, यातच सगळं डोकं. प्राणवायू संपला तो बाद; शेवटी उरला तो जिंकला.

पंजाबराव सापशिडीचे पट छापून वऱ्हाडभर विकत. एक डाव पाहीन, रंगला तर छापीन, नाहीतर विषय संपला, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. अठरा वर्षं पोरांकडून आंब्याची आणि कलशाची चित्रं काढून घेतलेल्या मास्तरांना आयुष्यात एकदा आपलं नाव छापलेलं पाहायचं होतं. त्यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

खेळाडू त्यांनी पारखून घेतले होते. नारायणराव आणि इंद्रभान हे चुलतभाऊ दहा वर्षं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडत होते. पण खोडा घालायला मिळतो म्हटल्यावर दोघंही पहिल्या हाकेला आले. तिसरा कडूबा, त्याने आजवर तीन सरपंच खाली ओढले होते. बुधवारच्या सरावात इंद्रभानने नारायणरावांचं यान तीनदा जाळलं आणि मास्तरांना आनंदाने झोप लागली नाही.

घोळ केला तो कपबश्यांनी. पुष्पाबाई त्या मागायला नारायणरावांच्या घरी गेल्या आणि खामगावच्या पंजाबरावांसाठी हव्यात म्हणाल्या. पंजाबरावांचा थोरला मुलगा लग्नाचा आहे हे त्या घराला ठाऊक होतं. नारायणरावांची चांगुणाही लग्नाची होती. पुष्पाबाई कपबश्या घेऊन वळल्या तोवर त्या घरात आणि भावकीत पाहुणा मुलगी पाहायला येतो हे पक्कं झालं होतं.

रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर पट मांडला, पंजाबराव शेजारी खुर्चीवर बसले. नारायणराव नवी टोपी घालून आले. पहिल्याच फेरीत त्यांना दरड पाडायचं पान आलं. त्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं आणि पान हळूच पालथं ठेवलं.

"राहू द्या. कोनाचं वाईट करून आपल्याले काय भेटनार?"

"भाऊ," इंद्रभान म्हणाला, "तुमचा प्राणवायू कमी दिसून राह्यला. माह्यातला घ्या."

मास्तर घाईने पटावर वाकले. "असं देता येत नाही. नियमात नाही ते."

"नियमात नसंल, रक्तात हाय," इंद्रभान म्हणाला.

कडूबाने घसा खाकरला. "मी म्हंतो, येगळ्या खाणी पाह्यजेत कायले? तिघांची सोसायटी काढू. चेरमन नारायणराव."

"बिनविरोध," इंद्रभान म्हणाला.

मास्तरांनी इंद्रभानला खांबाआड ओढलं. "काऊन माह्या जीवावर उठला बे? बुधवारी तर यान जाळून राह्यला होता तू."

"मास्तर, येडे झाले काय? पाहुना चांगुणाले पाह्याले आला. पुतनी हाय ते माही. धुऱ्याचं आमी मागून पाहू."

"अरे, ते खेळ पाह्याले आले!"

"आमाले कळते," इंद्रभानने डोळा मारला.

तासाभराने चंद्रावर तिघेही ठणठणीत होते. प्राणवायू या हातातून त्या हातात फिरत होता आणि पंजाबराव जांभया देत होते. वर्षभर डोळे फोडून काढलेला चंद्र त्यांच्यासमोर मरत होता, तोही चांगुलपणाने.

शेवटी पंजाबराव उठले. "मास्तर, डाव तर संपायचं नाव घेत नाही. असा खेळ कोन घेईन? येतो मी." आणि ते वळणापलीकडच्या एसटीच्या थांब्याकडे निघून गेले.

मास्तर डोकं धरून बसले. नारायणरावांनी मान उंच करून पाहिलं. "गेला काय पाहुना?"

"गेला," इंद्रभान म्हणाला, आणि त्यासरशी त्याने चेअरमनचं यान जाळलं.

मग काय सांगावं! नारायणरावांनी दरड पाडली, कडूबाने दोघांचाही प्राणवायू चोरला, टोपी उडाली, आणि मास्तरांनी स्वप्नात पाहिला होता त्याहून भारी डाव रंगला. एसटी अजून आली नव्हती. मास्तर उठले आणि चपला न घालताच पंजाबरावांना परत आणायला धावले.

"बरं झालं आले," मास्तरांनी तोंड उघडायच्या आत पंजाबराव म्हणाले. "त्या नारायणरावाले पोरगी हाय म्हंतेत. माह्या घरी चार भाऊ, रोज कटकट. सून शांत घरची पाह्यजे. मास्तर, खरं सांगा, ते दोघं भाऊ नेहमीच असे राह्यतात, का माह्यापुढंच होते?"

मास्तरांना धाप लागली होती. चला आणि बघा, एवढंच म्हणायचं होतं. खेळ छापला जाणार होता. पण गेल्या साली चांगुणाची दोन स्थळं याच भांडणापायी मोडली होती. पोरगी त्यांच्याच हाताखाली कलश काढायला शिकलेली. मास्तरांना आता फक्त रडायचं बाकी होतं.

"नेहमीच," ते म्हणाले.

तेवढ्यात शाळेकडून नारायणराव आणि इंद्रभान यांची एकदम आरोळी आली. पंजाबरावांनी कान टवकारले. "हा गलका कायचा?"

"भजन हाय," मास्तर म्हणाले. "दोघं भाऊ मिळून करतात, दर रईवारी."

पंजाबरावांनी भक्तिभावाने शाळेच्या दिशेला हात जोडले. मग मास्तरांनाही जोडावे लागले.