पाचव्या पिढीची लहान गाडी

“काका, ही गाडी लहान, तर मग मोठी कुठे ठेवलीय?”

हा प्रश्न भरल्या शोरूममध्ये विचारून दाखव, असं मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. त्यांना वाटलं, मी ऐनवेळी शेपूट घालीन. मी विचारला, तोही खणखणीत आवाजात. बाबांनी लगेच माहितीपत्रकात डोकं खुपसलं.

विक्रेते काका मात्र जराही डगमगले नाहीत. “लहान हे माप नाही, बाळा. लहान हा वर्ग आहे.”

आमच्या घरी ही गाडी पहिल्या पिढीपासून आहे. पहिली इतकी चिमुकली होती, की आजोबा ती एका बादलीत धुवायचे आणि पाणी उरायचं. दुसरी पिढी चार बोटं जास्त रुंद आली. गॅरेजमधलं कपाट गेलं. तिसरी वीतभर, आजोबांची सायकल गेली. चौथीची दारंच उघडेनात, म्हणून बाबा डिकीतून बाहेर पडायला शिकले. ऑफिसला जाताना, टायसकट. दरवेळी माहितीपत्रकात तीच ओळ: ‘तुमची लाडकी लहान गाडी, आता आणखी ऐसपैस!’

ही ऐसपैस जागा येते कुठून, हे कुणीच विचारत नाही. मी सांगते. आमच्या घरातून येते.

पाचवी पिढी आणखी हातभर रुंद निघाली. गॅरेजच्या भिंतीला लागूनच माझी खोली. बाबांनी नगरपालिकेच्या कार्यालयात भिंत सरकवण्याचा अर्ज टाकला. मोजणीसाहेब टेप घेऊन आले. त्यांनी गॅरेज मोजलं, गाडीचे कागद वाचले, चष्मा पुसला.

“गाडीत दोष नाही. कागदोपत्री ती लहान आहे. आणि ज्यात लहान गाडीसुद्धा मावत नाही, ते नियमाप्रमाणे घर ठरत नाही.”

“मग काय ठरतं?” आईने विचारलं.

“आडोसा.”

“अहो, वीस वर्षं राहतोय आम्ही इथे!”

“राहा की, ताई. आडोशाला राहायला बंदी नाही. फक्त आडोशाच्या पत्त्यावर गाडी मिळत नाही.”

गाडी मिळत नाही म्हटल्यावर बाबा पांढरेफटक पडले. आडोशाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांनी तासाभरात गवंडीमामांना बोलावलं. भिंत सरकली, आडोशाचं पुन्हा घर झालं आणि माझ्या खोलीची अधिकृत नोंद ‘कोनाडा’ अशी झाली. अभ्यासाचं टेबल भंगारात गेलं. पलंग उभा ठेवावा लागला.

“मी झोपू कशी?” मी विचारलं.

“कूस बदलायची असली की बाहेर येऊन बदलायची,” गवंडीमामा गंभीरपणे म्हणाले. बाबांनी मान डोलावली. “बघ, मार्ग निघतो!”

गाडी आली. शेजारीपाजारी जमले, आत बसून “किती प्रशस्त!” म्हणाले. माझ्या कोनाड्यात एकानेही डोकावलं नाही. जाताना मात्र प्रत्येक जण स्वतःच्या घराची भिंत ठोकून बघत होता. हसू नका. तुम्हीही माहितीपत्रक मागवलं असेल, तर आधी बघा, तुमच्या भिंतीपलीकडे कुणाचं अंथरूण आहे.

मी मागच्या सीटवर बसून पाहिलं. सीट आडवी होते. पुढ्यात घडीचं टेबल, वाचायला दिवा, पाय पसरायला जागा. रात्री घरात जेवताना मी ताट बाजूला सारलं.

“आई, बाबा, माझं ठरलंय. मी गाडीत राहायला जातेय. भेटायला जरूर या, पण हात धुऊन. आणि दार हळू लावा; नवीन आहे.”