एकशे वीस घोडे, दोन बैल

सिडकोतल्या चैतन्यदीप गृहनिर्माण संस्थेत वाहनं पुष्कळ होती, पण गाड्या दोनच होत्या. एक वैजनाथराव खडकेकरांची वायरा टर्बो आणि दुसरी आप्पासाहेब नरवड्यांची ट्रायडॉन जीएस. दोन्हींची किंमत मध्यमवर्गाला परवडेल अशी होती आणि वेग मध्यमवर्गाला झेपणार नाही असा होता. दोन्हींच्या पाठीवर एकेक छोटा पंख होता. भरधाव वेगात गाडी जमिनीवरून उचलली जाऊ नये म्हणून तो असतो, असं माहितीपुस्तिकेत छापलं होतं. शहरात ही जबाबदारी गतिरोधकांनी आधीच उचलली होती.

वैजनाथराव एका बँकेच्या कर्ज विभागात होते. पन्नाशीला टेकेपर्यंत त्यांनी जे जे घेतलं ते घरासाठी घेतलं. फ्लॅट घरासाठी, फ्रीज घरासाठी, इन्व्हर्टर घरासाठी. त्यांचा मोबाइलसुद्धा घरातून फोन यावेत म्हणून घेतलेला होता. वायरा ही एकच वस्तू त्यांनी स्वतःसाठी घेतली. ती आणली त्या दिवशी त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय अवघडतात जरा. पण एकंदरीत बरी आहे, घरगुती."

तो शब्द वैजनाथरावांच्या काळजात घुसला. पुढं आप्पासाहेबांनी तो तिथंच धरून फिरवला.

आप्पासाहेब मूळचे बिडकीनचे. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा ते शहरात आले आणि शेतात जो वेळ जायचा तो आता जाईना म्हणून त्यांनी ट्रायडॉन घेतली. रोज सकाळी ते गाडी पुसत पुसत वैजनाथरावांच्या गाडीपर्यंत यायचे.

"वैजूभाऊ, तुमची गाडी लई शांत हाय बरं का. आवाजच नाय."

"शांत नाही आप्पासाहेब, रिफाइन्ड आहे."

"व्हय, तेच. आमच्या घरी बी रिफाइन्डच आणतेत. पोटाला बरं असतं."

हे असंच चालू राहिलं असतं. पण फाटकाजवळच्या कडुलिंबाखालची पार्किंगची जागा रिकामी झाली. तिथला मालक पुण्याला मुलाकडं गेला. मे महिन्यात या शहरात सावलीची जागा रिकामी होणं ही साधी घटना नव्हे. दोन्ही गाड्यांचे अर्ज दुपारच्या आत अध्यक्षांकडं पोहोचले.

अध्यक्ष दत्तोपंत महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त फक्त ते झाले होते, खातं त्यांच्यात अजून सेवेत होतं. त्यांनी संस्थेची नियमावली काढली, चष्मा बदलला आणि वाचून दाखवलं: "प्रवेशद्वारालगतची जागा, तातडीच्या प्रसंगी सर्वांत जलद हलविता येईल अशा वाहनास देण्यात यावी. उर्वरित वाहने घरगुती समजण्यात यावीत व तसा बिल्ला मागील काचेवर लावण्यात यावा."

"म्हणजे एकालाच जागा, आणि दुसऱ्याला बिल्ला?" वैजनाथरावांनी विचारलं.

"पिवळा," दत्तोपंत म्हणाले. "गोल."

"आमची जलद हाय, समद्या कॉलनीला म्हाईत हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"माहीत असणं हा पुरावा नव्हे. सक्षम प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणा. आणि जो माघार घेईल तो आपोआप घरगुती."

गाड्या पळवल्याशिवाय प्रमाणपत्र कोण देणार, आणि पळवणार कुठं? शहरातल्या कुठल्याही दोन गतिरोधकांमध्ये दुसऱ्या गिअरपेक्षा जास्त जागा नव्हती. जिथं गतिरोधक नव्हते तिथं पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदलेलं होतं. शेवटी आप्पासाहेबांनीच रस्ता सुचवला. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत विमान उतरेल असे रस्ते झाले होते. दोन्ही बाजूंना कारखान्यांचे फलक होते, फक्त कारखाने यायचे होते. आप्पासाहेब तिथं उद्याच पहाटे जाऊ म्हणत होते, पण वैजनाथरावांनी आयुष्यात परवानगीशिवाय शिट्टीसुद्धा वाजवली नव्हती. दोघं मिळून संबंधित कार्यालयात गेले.

कारकुनानं अर्ज वाचला. "रस्ता कशासाठी पाहिजे?"

"शर्यतीसाठी."

"मोटारीच्या शर्यतीचं शीर्ष आमच्याकडं नाही. मोर्चा आहे, मिरवणूक आहे, मंडप आहे. शर्यतीत म्हणाल तर एकच, शंकरपट."

"अहो, ती बैलांची शर्यत," वैजनाथराव म्हणाले.

"गाडा तर दोन्हीकडं आहेच ना? प्रश्न फक्त जनावराचा आहे. कायकू टेन्शन लेते साहेब, आपण बसवू. तुमच्या गाडीला जनावर किती?"

वैजनाथरावांनी गप्प राहायला हवं होतं. पण गाडी घेतल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. लोक विचारत ते अ‍ॅव्हरेज. त्यांची मान ताठ झाली. "एकशे वीस अश्वशक्ती."

"एकशे वीस घोडे," कारकुनानं लिहून घेतलं. "आणि ह्यांचे?"

"एकशे अठरा," आप्पासाहेब जरा हळू म्हणाले. "पण टॉर्क जास्त हाय."

"टॉर्कला रकाना नाही. घोड्यांची पशुवैद्यकीय तपासणी करून आणा."

पशुवैद्यकीय अधिकारी सरळ माणूस होता. त्याला वरून जे कागद येत ते तो खरे मानत असे. त्यानं दोन्ही गाड्यांभोवती एकेक फेरी मारली आणि घोडे बाहेर काढायला सांगितलं. ते बाहेर निघत नाहीत, असं समजल्यावर त्याला वाईट वाटलं. इतकी जनावरं इतक्या दाटीत कोंडणं योग्य नव्हे, असं त्यानं दोघांनाही सौम्य शब्दांत सुनावलं. मग वायराच्या बोनेटवर तळहात ठेवला आणि पटकन उचलला.

"अंग तापलंय."

"बारा वाजलेत डॉक्टर. उन्हात उभी आहे."

"ह्या दुसऱ्यालाही तीच लक्षणं. साथ दिसते." त्यानं दाखल्यावर लिहिलं: 'सर्व अश्व ज्वरग्रस्त. शर्यतीच्या दिवशी संपूर्ण विश्रांती द्यावी. कोणत्याही परिस्थितीत त्यांस चालू करू नये.'

दाखला घेऊन दोघं पुन्हा कारकुनाकडं आले. इंजिन बंद ठेवून शर्यत कशी लावायची, हा वैजनाथरावांचा प्रश्न कारकुनाला बालिश वाटला.

"बदली जनावर लावा. बैल चालतो. बैलाचं तर मूळ शीर्षच आहे, सही लगेच होईल."

वैजनाथरावांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. या क्षणी दोघांपैकी एक जरी हसला असता, तरी प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण आधी हसणारा माघार घेणारा ठरला असता, आणि माघारीला बिल्ला होता. पिवळा, गोल.

"बैल हायेत," आप्पासाहेब म्हणाले. "आमच्या चुलतभावाकडं, कडूबाकडं. दोन जोड्या हायेत."

शर्यतीच्या सकाळी बिडकीनच्या त्या रस्त्यावर माणसं मावत नव्हती. वसाहत झाल्यापासून तिथं एवढी वर्दळ प्रथमच होत होती. एका उत्साही अधिकाऱ्यानं तर तिचा फोटो काढून प्रगती अहवालाला जोडला. वैजनाथराव चामड्याचे हातमोजे घालून आले होते. कडूबानं वायराच्या पुढच्या कडीला दोर आवळला, जू बांधलं आणि खिडकीत डोकं घालून म्हणाला, "साहेब, ब्रेक लावू नका. बैलाला हिसका बसतो."

"शर्यतीत ब्रेक कोण लावतं?"

"अन् हॉर्न बी नको. सरदार बुजतो. पाखऱ्याचं काय नाय, तो बहिरा हाय."

इंजिन बंद असल्यामुळं स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं होतं. एसी नव्हता. काच खाली केली तर बैलांचा वास येत होता, वर केली तर स्वतःचा. समोरच्या काचेपुढं सरदारची शेपटी मधूनमधून वायपरसारखी हलत होती. चावी अर्धी फिरवलेली होती, त्यामुळं गाडीनं आपल्या मृदू आवाजात सीटबेल्ट लावण्याची सूचना तेवढी केली.

झेंडा पडला. आणि वैजनाथरावांची पाठ सीटला चिकटली.

सांगायला संकोच वाटतो, पण खरं ते खरं. वेगाचा काटा त्या सकाळी जिथं गेला, तिथं तो गाडी घेतल्यापासून एकदाही गेला नव्हता. जालना रोडवर जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसत होतं. रस्ता समोरून धावून येत होता, दोन्ही बाजूंचे फलक मागं पडत होते. वैजनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, बरंचसं शेणाचं.

ट्रायडॉन मात्र पुढं होती. चांगली दोन गाड्यांचं अंतर राखून होती. ती तशीच जिंकलीही असती, पण मध्येच तिचे बैल रस्ता सोडून डावीकडं वळले, फुटपाथ चढले, एका दिव्याच्या खांबापाशी गेले आणि शांतपणे थांबले. लोकांनी हाकारे घातले, शेपट्या पिळायला नियमात बंदी होती. बैल हलेनात. एक जण खांबाला मान घासू लागला.

पंच धावत गेले. आप्पासाहेब गाडीतच बसून होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून.

"काय झालं? बैल बिघडले?"

"नाय. बैल बरोबर हायेत," आप्पासाहेब म्हणाले. "इथं आमचा गोठा व्हता. ही जोडी आमचीच. कडूबाला देल्ती."

पंचांनी क्षणभर टोपी काढली, पुन्हा घातली आणि 'मार्ग सोडल्यामुळे बाद' अशी नोंद केली. गोठ्याला रकाना नव्हता.

वैजनाथराव जिंकले. प्रमाणपत्र छातीशी धरून ते दत्तोपंतांच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगाला अजून बैलांचा वास होता आणि तो त्यांना प्रिय वाटत होता. दत्तोपंतांनी चष्मा बदलला.

"विजेते: सरदार व पाखऱ्या. मालक: कडूबा नरवडे, गंगापूर," त्यांनी वाचलं. "तुमचं नाव खाली आहे. 'गाडा: लोखंडी, चारचाकी, रंग लाल. गाड्यात बसलेला इसम: वै. खडकेकर.'"

"पण जागा?"

"नियम स्पष्ट आहे. जागा सर्वांत जलद हलणाऱ्याला. ती सरदार आणि पाखऱ्याला मंजूर. कडूबा बाजाराला येतील तेव्हा बांधतील, एरवी राखीव राहील."

"ठीक आहे." वैजनाथराव म्हणाले. बिल्ल्याची त्यांनी मनाशी तयारी केली. "मग आम्ही दोघं घरगुती."

"कसं म्हणता येईल?" दत्तोपंतांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "घरगुती झालं तरी वाहन म्हणजे स्वतः चालणारं. तुमचं ओढावं लागतं, हे आता शासनमान्य आहे. त्याला आपल्याकडं छकडा म्हणतात. बिल्ला पांढरा. चौकोनी."

त्या दिवसापासून वैजनाथरावांचा तोरा गेला. बँकेच्या आवारात पहारेकऱ्यानं छकडा मागं लावायला सांगितलं. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यानं बिल्ला वाचून कडबा संपल्याचं कळवलं. शेवटी त्यांनी एक अर्ज लिहिला. आपली गाडी छकडा नसून घरगुती आहे आणि तिला तसं घोषित करावं, ही विनंती त्यात त्यांनी तीन वेळा केली. दत्तोपंतांनी अर्ज वाजवी ठरवला. फक्त गृहिणीचा दाखला जोडायला सांगितला.

प्रमोदिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी कागद वाचून परत दिला. "मी खोटं लिहून देणार नाही."

"यात खोटं काय आहे?"

"ती गाडी कधी घराच्या कामाला आलीय? तुमच्या आईंना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, सस्पेन्शन कडक आहे, रिक्षानं न्या. गॅसची टाकी आणायची म्हटलं तर सीटचं चामडं फाटेल. आधी होऊ दे घरगुती, मग लिहिते."

वैजनाथरावांनी मग आईंना दवाखान्यात नेलं. लासूर स्टेशनहून गव्हाची पोती आणली. गॅसची टाकी पुढच्या सीटवर बसवली, तिला सीटबेल्ट लावला. वायरा गव्हाच्या वजनानं दबून गतिरोधकांवर बूड घासत चालू लागली, तेव्हा कुठं बाईंनी सही केली. रविवारी सकाळी वैजनाथरावांनी मागच्या काचेवर पिवळा, गोल बिल्ला लावला, दोन पावलं मागं सरकून तो सरळ लागलाय का ते पाहिलं, आणि कैक दिवसांनी हसले.

तेवढ्यात फडकं हातात घेऊन आप्पासाहेब आले. त्यांच्याही काचेवर पिवळा होता.

"वैजूभाऊ, तुमची घरगुती हाय, नाय म्हणत नाय मी," ते म्हणाले. "पण आमची जास्त घरगुती हाय. आमच्यात सासू बी मागं बसती. पाय लांब सोडून."

वैजनाथरावांचे कान तापले. "पाय सोडून बसतात, की वाकडे करून? मोजून दाखवा."

दत्तोपंत गॅलरीत आले आणि त्यांनी चष्मा बदलला.

संस्थेतले लोक ही हकिगत सांगताना पोट धरून हसतात. तुम्हीही हसला असाल, हसायला हरकत नाही. फक्त उद्या क्रांती चौकात दिवा लाल असताना शेजारच्या गाडीकडं तिरकं बघत आपलं चाक हळूच वीतभर पुढं सरकलं, तर जाता जाता त्या पशुवैद्यकीय कार्यालयात डोकावून या. तपासणीची पद्धत सुधारली आहे. जनावर बघायला ते आता बोनेटला हात लावत नाहीत. काच खाली करायला सांगतात.