शिडी, मी आणि पाताळातली बायको

एक आधीच सांगून टाकतो. मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. आमच्या घरात हे कुणाला पटत नाही. पण घरात माझ्याशिवाय फक्त बायको राहते, त्यामुळे तिच्या मताला मी बहुमत मानत नाही.

तिचं म्हणणं असं, की मी आजवर एकही गोष्ट तडीला नेली नाही. बासरी आणली, ती आता खिडकी आपटू नये म्हणून फटीत असते. योगासनं सुरू केली, ती शवासनापाशी थांबली. म्हणून मी जगातल्या पुराणकथा आणि लोककथांच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं, तेव्हा तिनं रोखठोक अट घातली.

"वर्ग पुरा केलात तर मागची खोली तुमची. अर्धवट सोडलात तर तिथे माझं शिलाई मशीन!"

"मंजूर!" मी गरजलो.

आणि खरंच झपाटून अभ्यास केला हो! ती पोळ्या लाटत असताना मी तिला देशोदेशीचे प्रलय ऐकवले. "बघ ना," मी म्हणालो, "कुठेही जा, एक महापूर येतो आणि एक शहाणा माणूस नाव बांधतो!"

"आणि आपल्याकडे नळ गळतो आणि एक माणूस गोष्ट सांगतो," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक कथा वर्गासमोर सांगायची होती. मी निवडली ती त्या गवयाची. त्याची बायको मरते, तो तिला आणायला थेट पाताळात जातो. तिथला राजा त्याच्या गाण्यावर खूश होऊन म्हणतो, "ने तिला. ती तुझ्या मागून चालेल. पण उजेडात पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर गेली!"

शिकवणाऱ्या मॅडमची शिस्त कडक. उभं राहून सांगायचं, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, आणि स्वतःचं चित्र पडद्यावरून काढून टाकायचं, नाहीतर लोक कथा सोडून केस सारखे करत बसतात. मी बायकोला बजावलं, "माझी गोष्ट संपेपर्यंत घरात टाचणी पडल्याचाही आवाज नको!"

वेळ झाली. कानात इअरफोन घालून, कथा पुटपुटत मी मागच्या खोलीत शिरलो. लॅपटॉप एवढ्या उंचावर ठेवायचा कशावर? तेवढ्यात माळ्याखाली उभी असलेली घडीची शिडी दिसली. वा! दैव सुद्धा कष्टाळू माणसाच्या पाठीशी असतं. मी शिडी ओढली, भिंतीपाशी नेली, वरच्या पायरीवर लॅपटॉप ठेवला आणि माळ्याकडे पाठ करून उभा राहिलो.

शिडी तिथे का उभी आहे, हा प्रश्न मला पडला नाही.

"मंडळी," मी सुरुवात केली, "आज तुम्ही नुसते श्रोते नाही. तुम्ही पाताळातल्या सावल्या आहात! मला हाका मारा, भुलवा, घाबरवा. पण मी मागे वळणार नाही!"

मॅडम म्हणाल्या, "फारच छान कल्पना!" मी आणखी फुगलो.

गवई पाताळात उतरला, गायला, राजा पाघळला. परतीची वाट सुरू झाली, आणि सावल्या अशा काही रंगात आल्या की विचारू नका!

"अहो काका, मागे बघा!" वर्गातले दातांचे डॉक्टर ओरडले.

"नाही बघणार!" मी छाती काढून म्हणालो.

"काका, पाय! वरून पाय लोंबतायत!" निवृत्त बसड्रायव्हर अक्षरशः उभे राहिले.

काय कल्पनाशक्ती! आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण पाताळ डोळ्यांसमोर उभं केलं. "लोंबू देत!" मी म्हणालो. "पाताळात हजार पाय लोंबतात! गवई पुढेच चालला!"

"मी थट्टा करत नाहीये!" मॅडम किंचाळल्या. मी म्हटलं, बघा, मॅडम सुद्धा माझ्या कथेत उतरल्या.

इतक्यात इअरफोनच्या पलीकडून, मागून, अगदी बारीक आवाज आला. "अहो..."

अंगावर काटा आला माझ्या! जिनं कधी माझी एक कथा धड ऐकली नाही, ती आज आपणहून गवयाची बायको झाली होती. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

"अहो, ऐकताय का? माझे हात सुटतायत!"

"प्रिये!" मी कापऱ्या आवाजात म्हणालो. (आमच्या लग्नापासून हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला.) "कितीही हाका मार! मी वळणार नाही!"

"वळा हो मेल्या माणसा!"

कथेत हे वाक्य नव्हतं. पण तिनं भरच घातली असं समजून मी पुढे गेलो. आता फक्त शेवट राहिला होता. मग खोली माझी! "उजेड दिसला! एकच पाऊल! पण गवयाला राहवलं नाही... आणि तो... वळला!"

मी गर्रकन वळलो.

कथेतल्या गवयानं बघितल्याबरोबर त्याची बायको अदृश्य झाली. माझी धाडकन प्रकट झाली. माळ्यावरून, सरळ माझ्या अंगावर!

मी खाली, ती वर, आणि शिडी डुगडुगत होती. तिला काही लागलं नाही, कारण तिला झेलायला मी होतो. ती शिलाई मशीनचं झाकण शोधायला माळ्यावर गेली होती. मी जिंकणार नाही याची तिला इतकी खात्री होती! आणि मीच टाचणीचाही आवाज नको म्हटल्यामुळे बिचारी गुपचूप उतरायला गेली, पाय खाली सोडले, तर शिडीच नाही!

माझा श्वास अडकला होता. शब्द फुटेना. कथेचं शेवटचं वाक्य बाकी, आणि मी आडवा! तेव्हा ती उठली, पदरानं कपाळ पुसलं आणि लॅपटॉपसमोर उभी राहिली.

"शेवट मी सांगते," ती म्हणाली. "रोज पोळ्या लाटताना ऐकलीय. सगळे म्हणतात, तो वळला म्हणून ती गेली. पण ती पाताळात पोचली कशी, हे कुणी विचारलंय? त्यानं तिच्या पायाखालची शिडी नेली म्हणून!"

सावल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दातांच्या डॉक्टरांचे स्वतःचे सगळे दात दिसत होते.

निकाल लागला. मॅडमनी लिहिलं होतं, की माझी कथा अपूर्ण राहिली, शेवट दुसऱ्या व्यक्तीनं केला. मागच्या खोलीत आता मशीन खडखडतं, आणि मशीनवर तिनं पुढच्या वर्गाचं वेळापत्रक चिकटवलंय. तिनं नाव घातलंय.

मी मात्र हार मानलेली नाही. त्या वर्गात मलाही काम आहे, आणि ते मी पुरं करणारच! गोष्ट सांगताना ती माळ्यावर चढली की शिडी धरून उभं राहायचं. मागे बघायचं नाही, पुढे बघायचं नाही. फक्त वर.